मन परत आणताना : ध्यानाविषयी वाचकांचे प्रश्न

योगसूत्रांचा परिचय करून देणारा लेख दोन अंकांपूर्वी या मासिकात आला, त्यानंतर ध्यानाविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे संपादकांकडे आली आणि त्यांनी ती माझ्याकडे सोपवली. महाविद्यालयात संस्कृत शिकवताना ही सूत्रे मी तीस वर्षे वर्गात लावली आहेत आणि त्यातला बराच काळ पहाटे आसनावर बसण्याचा नेमही ठेवला आहे. उत्तरे देण्याचा माझा अधिकार एवढाच. सगळी पत्रे घेता आली नाहीत. ज्यांनी स्वतःच्या बसण्याविषयी आणि अडचणींविषयी मोकळेपणाने लिहिले, त्यांची पत्रे आधी घेतली आहेत.

प्रश्न : चार वर्षांपासून मी रोज पहाटे वीस मिनिटे डोळे मिटून बसतो. ‘मन निर्विचार करा’ असे आम्हाला एका शिबिरात सांगितले होते. माझे विचार एक मिनिटही थांबत नाहीत. पेन्शन, मुलीचे लग्न, गावाकडच्या जमिनीचा वाद, सगळे नेमके त्याच वेळी आठवते. पाच-सात मिनिटे गेल्यावर एकदम ध्यानात येते की आपण भलतीकडेच आहोत. मग ओशाळून पुन्हा श्वासाकडे येतो. मला ध्यान जमत नाही असे समजून हे सोडून द्यावे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कृपा करून सोडू नका. ‘एकदम ध्यानात येते’ असे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या शब्दांतच आहे. मराठीत आपण ‘ध्यानात आले’, ‘ध्यानात ठेव’, ‘ध्यानीमनी नसताना’ असे दिवसभर म्हणत असतो, आणि त्या प्रत्येक वेळी ध्यान म्हणजे भान, जागेपण एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. भरकटल्याचे ज्या क्षणी तुमच्या ध्यानात येते, त्या क्षणी तुम्ही ध्यानाच्या दारात उभे असता. ओशाळण्याचे तिथे काहीच कारण नाही.

‘निर्विचार’ या शब्दाने अनेकांची दिशाभूल केली आहे. योगसूत्रांचे कर्ते पतंजली यांनी योगाची व्याख्या ‘चित्तवृत्तींचा निरोध’, म्हणजे चित्ताच्या व्यापारांना आवर, अशी केली आहे हे खरे. पण वृत्ती म्हणजे काय, हेही त्यांनी लगेच सांगितले आहे. प्रमाण (खरे ज्ञान), विपर्यय (चुकीचे ज्ञान), विकल्प (नुसत्या शब्दांवर उभी राहिलेली कल्पना), निद्रा आणि स्मृती अशा पाच वृत्ती त्यांनी मोजल्या. त्यात निद्रा आहे, याकडे वर्गात विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले की ते नेहमी चमकत असत. गाढ झोपेत विचार नसतात, तरीही झोप ही वृत्तीच आहे. म्हणजे केवळ विचार नसणे हे पतंजलींच्या लेखी साध्य नव्हे. तसे असते तर दुपारच्या जेवणानंतर आपण सगळेच योगी ठरलो असतो. मन रिकामे करण्याच्या खटपटीत पुष्कळ साधक पेंगुळतात आणि त्या पेंगेलाच शांती समजतात. तुम्हाला निदान विचार दिसतात, म्हणजे तुम्ही जागे आहात.

आता धारणा आणि ध्यान यांतला फरक पाहू. चित्त एका ठिकाणी बांधणे म्हणजे धारणा, आणि त्या ठिकाणी प्रत्ययाची एकतानता, म्हणजे त्याच जाणिवेचा अखंड प्रवाह, म्हणजे ध्यान, असे विभूतिपादाच्या, म्हणजे योगसूत्रांच्या तिसऱ्या भागाच्या, आरंभीच सांगितले आहे. एकतानता समजावण्यासाठी जुन्या आचार्यांनी तेलाच्या धारेची उपमा दिली आहे, आणि ती मला लहानपणी पाहिलेल्या एका दृश्यामुळे कळली. दिवेलागणीच्या आधी माझी आत्या समईत तेल घालत असे. बाटली नुसती कलंडली की आधी थेंब पडत, एक, मग थांबून दुसरा, आणि प्रत्येक थेंबाबरोबर पितळेच्या वाटीत लहानसा आवाज होई. मग तिचा हात स्थिरावला की थेंबांचा दोरा होत असे; तो दोरा खाली पडतो आहे की नुसता लटकला आहे, हे कळू नये इतका तो शांत दिसे, आणि आवाजही बंद होई. थेंब ही धारणा, दोरा हे ध्यान. तुम्ही आज थेंबांच्या अवस्थेत आहात, पण दोऱ्यात असते तेच तेल थेंबातही असते. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पाच भूमी, म्हणजे अवस्था, सांगितल्या आहेत. त्यांतली विक्षिप्त ही आपल्यासारख्यांची भूमी होय; अधूनमधून स्थिर होणारे आणि पुन्हा निसटणारे चित्त, एवढाच त्या शब्दाचा तिथे अर्थ आहे, मराठीतला ‘विक्षिप्त माणूस’ तिथे अभिप्रेत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला एक श्लोक तुम्ही पाठ करावा असे मला वाटते. ‘यतो यतो निश्चरति मनश्चञ्चलमस्थिरम्’, म्हणजे हे चंचल मन जिथून जिथून बाहेर पडेल, तिथून तिथून आवरून ते आत्म्याच्या ठायी आणावे, अशी त्यातली आज्ञा आहे. मन बाहेर जाणार हे यात गृहीतच धरले आहे. पुढे अर्जुन जेव्हा म्हणतो की मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, तेव्हा श्रीकृष्ण त्याला खोडून काढत नाहीत. ‘असंशयम्’, यात शंका नाही, असे म्हणून आधी त्याचे म्हणणे मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. तेव्हा वीस मिनिटांत मन चाळीस वेळा पळाले आणि चाळीस वेळा तुम्ही ते, न रागावता, परत आणले, तर चाळीस वेळा अभ्यास झाला असे धरा. किती विचार आले हे मोजू नका. हळूहळू एवढे मात्र पाहा की पाच-सात मिनिटांनी येणारे भान तीन-चार मिनिटांनी येते आहे का, आणि परत येताना स्वतःवरचा वैताग कमी होतो आहे का.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. कंपनीने आम्हाला ध्यानाचे अ‍ॅप दिले आहे. दुपारी दहा मिनिटे हेडफोन लावून ऐकायचे. ताण कमी होतो आणि कामात लक्ष लागते, हा माझा अनुभव आहे. आजोबा मात्र म्हणतात की हे ध्यानच नव्हे. ध्यानाचा हेतू ताण घालवणे हा नाही काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दहा मिनिटांनी तुम्हाला बरे वाटत असेल तर ते जरूर चालू ठेवा, आणि आजोबांशी वाद घालू नका, कारण त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

तुम्ही वापरता तसल्या अ‍ॅपमागचा इतिहास थोडक्यात सांगते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. औषधांनी ज्यांचे जुनाट दुखणे हटत नव्हते अशा रुग्णांना, दुखणे असतानाही त्याच्याकडे सजगपणे पाहण्यास शिकवणे, हा त्याचा उद्देश होता. बौद्ध परंपरेतले ध्यान त्यांनी धार्मिक भाग बाजूला ठेवून रुग्णालयात आणले. त्याच्याही पुष्कळ आधी, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली होती. त्यामुळे शरीर आणि मन यांच्या आरोग्यासाठी ध्यान वापरणे यात कमीपणा आहे, असे मी मुळीच मानत नाही.

परंतु ध्यान कशासाठी, हा प्रश्न परंपरेला विचारला तर ती वेगळे उत्तर देते, आणि ते पुरेसे स्पष्टही आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातले, म्हणजे साधनपादातले, अकरावे सूत्र ‘ध्यानहेयास्तद्वृत्तयः’ असे आहे. क्लेशांच्या ज्या वृत्ती उघड उठतात, त्या ध्यानाने टाकायच्या आहेत, हा त्याचा अर्थ. क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे मूळ दोष, पाच : अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग, द्वेष आणि अभिनिवेश (मरणाची भीती). (इथे राग म्हणजे आसक्ती, आपण ज्याला राग म्हणतो तो द्वेषाच्या घरचा.) तुमच्याच कार्यालयातला प्रसंग घ्या. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तुमच्याहून जास्त पगारवाढ मिळाली. दुपारी दहा मिनिटे शांत संगीत ऐकल्यावर छातीतली धडधड थांबेल आणि तुम्ही पुन्हा कामाला लागाल. ती जळजळ नेमकी कुठून उठली, तिच्यात ‘मी’ केवढा होता, तो सहकारी एरवी आपल्याला मदत करतो हे त्या क्षणी कसे पुसले गेले, हे पाहण्यासाठी ध्यान आहे. एकदा नीट दिसलेली गोष्ट पुढच्या वेळी तितक्या सहज आपल्याला ओढून नेत नाही. ताण कमी होणे हे त्या वाटेवर मिळणारे पाणी आहे. ते प्यावे, पण पाणी मिळाले म्हणून वाट संपली असे समजू नये.

‘कामात लक्ष लागते’ असे तुम्ही लिहिले आहे, त्याविषयीही लिहायला हवे. एकाग्रता आणि ध्यान हे शब्द हल्ली एकाच अर्थाने वापरतात. आपल्या भाषेने मात्र ही गफलत फार पूर्वी ओळखली होती, म्हणून तर ‘बकध्यान’ हा शब्द आला. तळ्याकाठी एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याची एकाग्रता कोणत्याही साधकाला हेवा वाटावा अशी असते. तिचा विषय मासा असतो इतकेच. जैन परंपरेने तर ध्यानाचे आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल असे चार प्रकार करून पहिल्या दोहोंना त्याज्य ठरवले. नको त्याच्या वियोगासाठी आणि हव्या त्याच्या प्राप्तीसाठी सतत झुरणे हे आर्तध्यान, आणि हिंसेचे, चोरीचे, सूडाचे सतत चिंतन हे रौद्रध्यान. रात्री अंथरुणावर पडून आपण तासभर एखाद्याच्या अपमानाचा विचार करतो तेव्हा मन किती विलक्षण एकाग्र झालेले असते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. म्हणूनच योगाच्या आठ अंगांत ध्यान सातवे आहे आणि अहिंसा, सत्य वगैरे यम पहिले. म्हणूनच इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराचा आरंभ पंचशील घेऊन होतो आणि त्यानंतरच श्वासाकडे पाहायला सांगतात. अ‍ॅपमध्ये ही आधीची पायरी नसते. आजोबांना बहुधा हेच खटकत असावे. त्यांना एकदा विचारून पाहा.

प्रश्न : ध्यानात मला भुवयांच्या मध्ये निळा प्रकाश दिसतो आणि कधी घंटेसारखा नाद ऐकू येतो. कुंडलिनी जागृत झाल्याचे हे लक्षण आहे, असे एका मार्गदर्शकांनी सांगितले आणि पुढच्या दीक्षेसाठी मोठी रक्कम भरायला सांगितली. काय करावे? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : रक्कम भरू नका.

प्रकाश दिसणे, नाद ऐकू येणे, शरीर हलके किंवा मोठे झाल्यासारखे वाटणे, असे अनुभव स्थिर बसणाऱ्या पुष्कळांना येतात. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन विस्ताराने केले आहे, त्यामुळे मराठी माणसाला या विषयाची ओढ आणि आदर असणे स्वाभाविक आहे. पण त्या वर्णनाचा आधार घेऊन कोणी तुमच्या डोळ्यांपुढच्या निळ्या ठिपक्याला प्रमाणपत्र द्यावे आणि त्याचे पैसे घ्यावेत, ही त्या ग्रंथाची विटंबना आहे. पतंजलींनी सिद्धींवर अख्खा एक पाद लिहिला आणि त्याच पादात बजावले की या गोष्टी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, बाहेर वळलेल्या मनालाच त्या सिद्धी वाटतात. प्रकाश दिसला तर दिसला असे म्हणा आणि पुन्हा आपल्या आलंबनाकडे, म्हणजे श्वास, नाम असे जे धरून बसला असाल त्याकडे, या. उद्या तो दिसला नाही म्हणून खिन्न होऊ नका. प्रकाश किंवा नाद ध्यानाबाहेरही, दिवसा उजेडी येऊ लागला, किंवा डोके दुखू लागले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना व आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात अध्यात्माचा काहीच अपमान होत नाही.

प्रश्न : दहा दिवसांच्या मौन शिबिरात सहाव्या दिवशी मला विनाकारण रडू येऊ लागले. घरी आल्यावर रात्री दचकून जाग येते, छाती धडधडते. पूर्वी मला नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. शिबिराआधी मी त्या स्वतःच बंद केल्या आणि अर्जात ते लिहिले नाही. ‘हे जुने संस्कार बाहेर पडत आहेत, बसत राहा’ असे मित्र म्हणतात. (नाव-गाव न देण्याची विनंती)

उत्तर : तुमचे पत्र मी सर्वांत आधी वाचायला हवे होते, उत्तर छापून येईपर्यंत थांबायला लागू नये म्हणून संपादकांमार्फत तुम्हाला कळवलेही आहे. ज्या मानसोपचारतज्ज्ञांनी तुम्हाला गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्याकडे आजच जा आणि शिबिराचा सगळा वृत्तान्त त्यांना सांगा. तोवर दीर्घ बैठका बंद ठेवा. घरात एकटे राहू नका, वेळेवर जेवा, सकाळ-संध्याकाळ पायी फिरायला जा. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात आले तर ते लगेच घरातल्या माणसाला सांगा आणि रुग्णालयात जा.

शिबिरात रडू येणे ही एरवी भिण्यासारखी गोष्ट नाही. इतके दिवस बोलणे, वाचणे, फोन सगळे बंद असले की दडपलेले दुःख वर येते. पण निरोगी माणसाला जे पेलते, ते आजारातून उठणाऱ्याला पेलेलच असे नाही. विपश्यना केंद्रांच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधे यांविषयी स्पष्ट विचारलेले असते, ते याच कारणासाठी. तिथे खरे लिहिणे हा साधनेचाच भाग आहे. पतंजलींनी चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आणि त्यांत ‘व्याधी’ हा शब्द पहिला घातला. आधी व्याधीकडे पाहावे, हा क्रम त्यातून मी घेते. ध्यानाची वाट कुठे पळून जात नाही. डॉक्टरांनी संमती दिल्यावर, दिवसातून दहा मिनिटे, डोळे उघडे ठेवून चालत चालत पुन्हा आरंभ करता येईल. औषध घेणारा माणूस ध्यानाला अपात्र असतो, ही समजूत मात्र मनातून काढून टाका.

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब आहे. पहाटे पाणी येते तेव्हापासून रात्री ओटा पुसेपर्यंत मला बसायला सवड नसते. काम करताना मी हरिपाठ म्हणते, विठ्ठलाचे नाम घेते. माझी भाची म्हणते की नामस्मरण ही भक्ती आहे, ध्यान वेगळे. मग माझ्यासारखीला ध्यान नाहीच का? (एक वाचिका, पंढरपूरजवळून)

उत्तर : ताई, ध्यानासाठी कोणकोणती आलंबने घेता येतील याची यादी पतंजलींनी समाधिपादात, म्हणजे योगसूत्रांच्या पहिल्या भागात, दिली आहे, आणि तिच्या शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’ असे सूत्र घातले आहे : किंवा ज्याला जे आवडते त्याच्या ध्यानाने. एवढा मोठा शास्त्रकार यादी मिटताना साधकाच्या आवडीवर विश्वास टाकतो, हे मला नेहमीच हृद्य वाटत आले आहे. तुम्हाला विठ्ठल आवडतो. पंढरीच्या वाटेवर तर ‘ध्यान’ हा शब्दच मूर्तीच्या रूपासाठी वापरतात. ‘सुंदर ते ध्यान’ म्हणताना तुकोबांना विटेवरचे ते उभे रूपच अभिप्रेत आहे. पाहणाऱ्याची क्रिया आणि पाहिलेले रूप यांना एकच शब्द वापरणारी भाषा तुमच्या बाजूने साक्ष देते आहे.

काम करताना ध्यान होते का, याचे उत्तर नामदेवांनी दिले आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या रामकली रागातल्या एका पदात ते एकामागून एक दृष्टान्त देत जातात. मुलगा कागद कापून पतंग उडवतो, सोबत्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर असते. सोनाराचे चित्त हातातल्या कारागिरीवर असते. पाणी भरून आणणाऱ्या मुली हसतात, खिदळतात, पण चित्त डोईवरच्या घागरीवर असते. गाय पाच कोसांवर चरायला गेली तरी चित्त वासरावर असते. आणि शेवटी आई : घरात आणि घराबाहेर कामात गुंतलेली असते, पण चित्त पाळण्यातल्या लेकरावर असते. हे दृष्टान्त हिमालयातल्या गुहेतले नाहीत, तुमच्या अंगणातले आहेत. घागर डोईवर असताना बाई बोलते, वळते, काटा चुकवते, आणि या सगळ्यांत मानेचा तोल क्षणभरही सुटत नाही. त्या तोलाला नामदेव ध्यान मानतात.

तुमच्या भाचीच्या म्हणण्यातले एक मात्र घ्यावे. नाम ओठांवर आणि मन जावेशी झालेल्या बोलाचालीवर, असे आपल्या सगळ्यांचेच होते. रात्री ओटा पुसून झाला की तिथेच, उभ्याउभ्या, पाच मिनिटे दुसरे काहीही न करता नाम घ्या आणि ते कानांनी ऐका. ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’ असे तुम्ही रोज म्हणता. ज्ञानदेवांनी तिथे क्षणभरच मागितला आहे.

प्रश्न : कोणत्या दिशेला तोंड करावे? पद्मासन येत नाही, खुर्चीवर चालेल का? संगीत लावावे का? पहाटेच बसले पाहिजे का? (अनेक वाचक)

उत्तर : खुर्चीवर चालेल. आसन स्थिर आणि सुखाचे असावे, यापलीकडे पतंजलींनी काही म्हटलेले नाही. गुडघे दुखत असताना पद्मासनाचा हट्ट धरला तर ध्यान गुडघ्यांचेच होते. पाठ ताठ, पण ताणलेली नको. दिशेचा विचार करू नका. संगीत शक्यतो नको, कारण मग मन संगीताच्या कडेवर बसून राहते. पहाट चांगली, पण रोज एकच वेळ पाळणे अधिक चांगले. पोट फार भरलेले किंवा अगदी रिकामे नसावे. अति खाणाऱ्याला, अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला योग साधत नाही, असे गीतेने सांगितले आहे.

प्रश्न : माझे सासरे पंचवीस वर्षे ध्यान करतात. सकाळी साडेसहा ते साडेआठ त्यांच्या खोलीचे दार बंद असते. त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, मिक्सर लावायचा नाही. माझा सहा वर्षांचा मुलगा चवड्यांवर चालत शाळेची तयारी करतो. एकदा त्याच्या हातून पेला पडला, तर ते बाहेर येऊन त्याच्यावर असे ओरडले की मूल थरथरत होते. ध्यानाने राग जात नसेल तर त्याचा उपयोग काय? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्यात सासऱ्यांचा अनादर नाही. ध्यान ही खासगी बाब आहे, तिचे मूल्यमापन दुसऱ्याने करू नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. क्लेश पातळ होणे हा जर ध्यानाचा हेतू असेल, तर ते झाले की नाही हे सर्वांत आधी घरातल्या माणसांना कळणार. खोलीच्या आत काय घडते ते बसणाऱ्यालाच ठाऊक, पण दार उघडल्यावर काय घडते ते सहा वर्षांच्या मुलालाही दिसते.

तरी ‘उपयोग काय’ याचे उत्तर एकदम ‘शून्य’ असे देऊ नका. स्वतःचा एक अनुभव लिहिते. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी मी बसले असताना स्वयंपाकघरात मोठे पातेले पडले. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हातून ते निसटले होते. पातेले फरशीवर गरगर फिरत असताना माझी कानशिले तापली, दात एकमेकांवर घट्ट बसले, आणि ‘किती वेळा सांगितले तुम्हाला’ हे वाक्य जिभेवर पूर्ण तयार होऊन उभे राहिले. त्या दिवशी मात्र त्या वाक्याच्या मागे उभे असलेले दुसरे वाक्यही मला दिसले : ‘माझे ध्यान मोडले.’ त्यातला ‘माझे’ हा शब्द दिसला. तीस वर्षे फळ्यावर लिहिलेली अस्मिता ती हीच. दोन श्वास गेले. राग होता, पण पहिले वाक्य विरून गेले होते. मी उठून आत गेले तेव्हा मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, तुमच्या मुलाच्या चेहऱ्यावर असेल, तीच भीती होती. म्हणजे याआधी अनेकदा मी ओरडले होते आणि ते त्यांच्या अंगात मुरले होते. मी त्यांची क्षमा मागितली. त्यानंतर मला राग आलाच नाही असे नाही. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा आवाज चढला. पण राग उठण्याच्या जागेची ओळख एकदा झाली, ती पुसली गेली नाही.

शांततेत मन शांत राहते, हे पाहण्यासाठी दोन तास बसण्याची गरज नसते. खोलीत जपलेली शांतता एखाद्या ठेवीसारखी होऊन बसली की ती मोडणारा प्रत्येक जण शत्रू वाटू लागतो, आणि ध्यानाने ज्या द्वेषाला उतरवायचे त्यालाच ते खाऊ घालते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने तर उत्तम शरीराच्या साधकालाही ध्यानाची मर्यादा अंतर्मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतली घालून दिली आहे. पतंजलींनी चित्त प्रसन्न होण्याचा पहिला उपाय म्हणून जे सूत्र दिले, ते दुसऱ्या माणसांविषयीचे आहे : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पापी माणसाविषयी उपेक्षा. विपश्यनेच्या शिबिरातही दहाव्या दिवशी मौन सुटते तेव्हा मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले चिंतणे, शिकवतात. नऊ दिवसांचे आतले काम माणसांत परतण्याआधी मैत्रीत उतरावे, अशी ती रचना आहे.

सासऱ्यांना सांगण्यासारखे तुमच्या हाती काय आहे? मुलावर ओरडणे सोसून घेणे हे तुमचे कर्तव्य नाही, त्यामुळे तेवढी गोष्ट यजमानांनी वडिलांशी एकांतात, शांतपणे बोलावी. ‘एवढे ध्यान करता आणि तरी’ असे वाक्य कोणीही वापरू नये. पंचवीस वर्षे नेमाने बसणाऱ्या माणसाला ते खोल लागते आणि मग तो ऐकत नाही. त्यांची हरकत नसेल तर हे पान त्यांना वाचायला द्या. त्यांना माझी विनंती अशी आहे की बैठकीतली शेवटची दहा मिनिटे घरातल्या एकेका माणसाला मनासमोर आणून त्याच्या कल्याणाची इच्छा करण्यासाठी ठेवावीत, त्यात पेला पाडणाऱ्या नातवाचा क्रम पहिला असावा, आणि आठवड्यातून एक दिवस तरी खोलीचे दार उघडे ठेवून बसावे. नातू डोकावला, तर डोळे उघडून त्याला जवळ बसवून घ्यावे.